टांक्यांची जागा आणि कोरडें तोंड

पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टांके निघाले, रोगी आपल्या पायांनीं घरीं परतला, म्हणजे घरांतील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पेढे वांटले जातात, नवस फेडले जातात, आणि रुग्णालयाचे कागद कपाटाच्या तळाशीं जाऊन बसतात. पुढें वर्ष-दीड वर्षानें एके दिवशीं आंघोळीच्या वेळीं त्या जुन्या व्रणाच्या कडेला लिंबाएवढा एक फुगवटा हाताला लागतो. तो दुखत नाहीं, निजल्यावर नाहींसा होतो, म्हणून कोणाला सांगितलाहि जात नाहीं. त्याच सुमारास त्याच माणसाचें तोंड रात्रीं कोरडें पडूं लागतें, उशाशीं तांब्या भरून ठेवावा लागतो, आणि 'वय झालें' या दोन शब्दांत या तक्रारीचीहि बोळवण होते.

आजचें भाषण या दोन तक्रारींविषयीं आहे. एक पोटाची, दुसरी मुखाची. वरवर पाहतां त्यांचा एकमेकींशीं कांहींच संबंध दिसत नाहीं. परंतु उतारवयांत त्या एकाच माणसाच्या वांट्याला पुष्कळदां येतात, आणि कित्येक वेळां दुसरीला जन्म देणारी व पहिलीला वाढविणारी गोष्ट एकच असते. ती गोष्ट म्हणजे औषधांच्या डब्यांतील एखादी लहानशी गोळी. तें कसें, हें पुढें येईलच.

प्रथम पोटाकडे वळावें. पोटाची भिंत म्हणजे नुसती कातडी नव्हे. कातडीखालीं चरबीचा थर, त्याखालीं स्नायु, आणि त्या स्नायूंना आवळून धरणारें एक पांढरें, चिवट, चामड्यासारखें आवरण असतें. बेंबीच्या वर व खालीं, अगदीं मध्यावर, दोन्ही बाजूंचीं हीं आवरणें एकमेकांत गुंफून एक उभी पांढरी रेषा तयार होते. आंतडें फुटलें असेल, अपघातानें पोटांत रक्तस्राव होत असेल, अशा घाईच्या वेळीं शस्त्रवैद्य बहुधा याच रेषेवर छेद घेतात व काम संपल्यावर ती शिवून टाकतात. पोटाची सारी भिस्त या आंतल्या शिवणीवर असते. बाहेरच्या कातडीचे टांके आठ-पंधरा दिवसांत निघतात म्हणून आंतील जखमहि तेवढ्यांत भरली, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाहीं. साधारणतः जखमेची जागा तीन आठवड्यांनीं मूळच्या सुमारें एक पंचमांश बळाची असते. तीन महिन्यांनीं तें बळ चार पंचमांशांच्या आसपास पोंचतें. आणि पूर्वींचें पुरतें बळ तिला पुन्हा कधींच येत नाहीं.

ही आंतली शिवण कोठें उसवली, तर त्या फटींतून पोटांतील पातळ पडदा आणि मागोमाग आंतडें बाहेर डोकावूं लागतें. यालाच छेदाच्या जागचा हर्निया म्हणतात. जांघेंतला अंतर्गळ पुष्कळांच्या ऐकिवांत असतो. हा त्याचाच चुलतभाऊ. फरक एवढाच कीं, त्याची वाट निसर्गानेंच दुबळी ठेवलेली असते आणि याची वाट शस्त्रानें पाडलेली असते. पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा १० ते २० जणांना हा विकार होतो. म्हणजे ही कांहीं दुर्मिळ आपत्ति नव्हे. बहुतेकांत तो पहिल्या कांहीं वर्षांत दिसतो. पण दहा वर्षांनीं डोकें वर काढणारेहि हर्निये असतात, म्हणून 'आतां काय व्हायचें राहिलें आहे' असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. प्रसूतीच्या शस्त्रक्रियेंत हल्लीं ओटीपोटावर जो आडवा छेद घेतात, त्याची पद्धत जर्मनीतील फॅनेनस्टील यांनीं १९०० सालीं मांडली. उभ्या छेदापेक्षां या आडव्या छेदांत हर्नियाचें भय पुष्कळच कमी असतें.

शिवण कां उसवते? जखमेंत पू होणें हें एक मोठें कारण. स्थूलपणा, मधुमेह, विडी-सिगारेट, निकस आहार, दीर्घकाळ घेतलेलीं स्टिरॉइड जातीचीं औषधें, हीं दुसरीं. आणि पोटावर आंतून वारंवार येणारा दाब हें तिसरें. यांत जुनाट खोकला, मलावरोध, आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथि वाढल्यामुळें लघवीसाठीं द्यावा लागणारा जोर हीं तिन्ही येतात. शिवण्याच्या रीतीचाहि वांटा आहे. इंग्लंडमधील जेंकिन्स या शस्त्रवैद्यांनीं १९७६ सालीं हिशेब करून दाखविला कीं, जखमेच्या लांबीच्या निदान चौपट धागा शिवणींत गेला पाहिजे. त्याहून कमी धाग्यानें ओढून शिवलें तर पोट फुगतांच धागा मांसाला कापीत जातो. स्वीडनमधील एका प्रयोगानें २००९ सालीं लहान टांक्यांकडे लक्ष वेधलें, व २०१५ सालीं हॉलंडमधील रुग्णालयांनीं तें पडताळून पाहिलें. एक-एक सेंटिमीटरचे मोठे टांके घातलेल्यांपैकीं वर्षअखेर शेंकडा २१ जणांना हर्निया झाला. पांच-पांच मिलिमीटरचे बारीक टांके घातलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १३ भरलें. गोधडी शिवणाऱ्या कोणाहि बाईला या निष्कर्षाचें नवल वाटणार नाहीं.

आतां हा विकार ओळखावा कसा? रोग्यानें उभें राहावें, व्रणावर पालथा पंजा ठेवावा आणि दोन वेळां खोकून पाहावें. हाताखालीं कांहीं धक्का देऊन बाहेर येत आहे असें वाटलें, व निजल्यावर तें आंत गेलें, तर संशयाला जागा आहे. कांहींना फुगवटा दिसत नाहीं, पण संध्याकाळीं व्रणापाशीं ओढल्यासारखें, जड वाटतें. स्थूल माणसांत चरबीच्या थराखालीं हर्निया लपून राहतो. तेथें सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅन करूनच निवाडा होतो. मुलेंबाळें झालेल्या स्त्रियांत निजून उठतांना बेंबीच्या वर एक लांबट उंचवटा दिसतो. तो पुष्कळदां हर्निया नसून दोन्ही बाजूंचे स्नायु एकमेकांपासून दूर गेल्याचें चिन्ह असतें. त्यांत भोंक नसतें, म्हणून आंतडें अडकण्याचें भयहि नसतें. दोहोंचा भेद डॉक्टरांकडून करून घ्यावा.

फुगवटा दुखत नाहीं तोंवर घाई नाहीं, हें खरें. परंतु एक प्रसंग असा आहे कीं ज्यांत तासांचा हिशेब करावा लागतो, आणि तो घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावा. रोज आंत जाणारा फुगवटा एके दिवशीं जात नाहीं. तो कठीण होतो, दुखूं लागतो. त्यावरची कातडी लालसर वा काळसर दिसते. पोट फुगतें, वारा सरत नाहीं, वांत्या होतात. फटींत अडकलेल्या आंतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याचीं हीं लक्षणें होत. अशा वेळीं पोट चोळणें, फुगवटा जोरानें आंत दाबणें, 'पोट साफ होईल' म्हणून एरंडेल देणें, हे सर्व उपाय घातक आहेत. तोंडावाटें अन्नपाणी कांहीं न देतां रोग्याला सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत न्यावें. वृद्ध माणसें दुखणें कमी बोलून दाखवितात. कित्येकांना तें खरोखरच मंद जाणवतें. तेथें जीभ पाहावी. वांत्यांनीं व आंतड्यांत साठलेल्या द्रवानें शरीरांतील पाणी आटतें व जीभ लाकडासारखी कोरडी, खरखरीत होते. व्रणावर न जाणारा फुगवटा, वांती आणि कोरडी जीभ, हीं तीन एकत्र दिसलीं तर 'सकाळीं पाहूं' हा विचार मनांत आणूं नये.

सुदैवानें बहुतेकांवर हा प्रसंग येत नाहीं. त्यांनीं संभाळून राहावें म्हणजे काय करावें? शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे जड वजन उचलूं नये, असें सामान्यतः सांगतात. आपल्या घरांत हा नियम पाण्याची भरलेली कळशी, धान्याचा डबा आणि कडेवर येऊं पाहणारें नातवंड या तिघांपुढें मोडतो. अंथरुणांतून सरळ उठून बसूं नये; कुशीवर वळून, कोंपर टेकून, पाय खालीं सोडून उठावें. खोकतांना वा शिंकतांना लहान उशी व्रणावर दाबून धरावी. चालणें मात्र बंद करूं नये. पडून राहिल्यानें पोटाचे स्नायु अधिकच ढिले होतात. पोटपट्ट्याविषयीं फार भाबडी श्रद्धा आहे. पट्टा आधार देतो, ओढ कमी करतो, पण फट बुजवीत नाहीं. तो निजलेल्या स्थितींत, फुगवटा आंत गेल्यावर बांधावा, रात्रीं सोडावा, व दुखऱ्या किंवा आंत न जाणाऱ्या फुगवट्यावर तर मुळींच आवळूं नये.

फट बुजते ती शस्त्रक्रियेनेंच. पूर्वीं उसवलेल्या कडा पुन्हा ओढून शिवीत. जुन्या धोतराची विरलेली कड ओढून शिवली म्हणजे शेजारीं नवें फाटतें, तशी गत होई. अमेरिकेंत टेक्सासमधील अशर यांनीं १९५८ सालीं प्लॅस्टिकची जाळी ठिगळासारखी लावण्याचा प्रघात सुरू केला. आज दोर व पोतीं ज्या प्लॅस्टिकचीं होतात त्याच जातीचें हें द्रव्य. नुसती शिवण बरी कीं जाळी बरी, याची परीक्षा हॉलंडमध्यें झाली व तिचा निकाल २००० सालीं प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसत्या शिवणीच्या शेंकडा ४३ रोग्यांचा हर्निया उलटला, जाळीच्या शेंकडा २४ जणांचा. त्याच रोग्यांचा दहा वर्षांचा हिशेब २००४ सालीं मांडला, तेव्हां तेच आंकडे ६३ व ३२ झाले. जाळी शिवणीहून निःसंशय सरस, परंतु जाळीहि कांहीं जन्माची हमी नव्हे, हा या आंकड्यांचा अर्थ आहे. १९९३ पासून दुर्बिणीच्या साह्यानें, लहान छिद्रांतूनहि जाळी बसविली जाते. ती कोणाला सोयीची, हें फटीच्या आकारावर अवलंबून असतें. लहान, न दुखणारा हर्निया असलेल्या, हृदयरोगानें जर्जर अशा वृद्धाला डॉक्टर नुसती देखरेख ठेवण्याचा सल्लाहि देतात, व तो हलगर्जीपणा नसतो. ज्यांना शस्त्रक्रिया करावयाचीच आहे, त्यांनीं आधीं निदान महिनाभर तंबाखू सोडावी, साखर आटोक्यांत आणावी, वजन उतरवावें, खोकल्याचा बंदोबस्त करावा. ही पूर्वतयारी न करतां नवी जाळी बसविणें म्हणजे गळतें छप्पर तसेंच ठेवून भिंतीला रंग देणें होय.

आणि मलावरोधाचा बंदोबस्त करावा. येथेंच कोरड्या तोंडाचा प्रश्न दारांत येऊन उभा राहतो.

माणसाच्या तोंडांत दिवसाकांठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानांखालीं, जबड्याखालीं व जिभेखालीं अशा तीन जोड्या मोठ्या ग्रंथींच्या, शिवाय ओंठ-गालांच्या आंत असंख्य बारीक ग्रंथि. या ग्रंथींना 'स्रवा' अशी आज्ञा मज्जातंतूंच्या टोंकाशीं सुटणारें ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य पोंचवितें. तेंच द्रव्य आंतड्यांना 'हला' म्हणून सांगतें, आणि मूत्राशयाला आकुंचन पावावयाला लावतें. तेव्हां या द्रव्याची वाट अडविणारें औषध घेतलें, तर तोंड सुकतें, मल अडतो व लघवीहि रेंगाळते. धोतऱ्याच्या बियांनीं विषबाधा झालेल्या माणसाचा घसा सुकतो, जिव्हा टाळूला चिकटते, त्याचें कारण हेंच. धोतऱ्यांत ॲट्रोपिनच्या वर्गांतील द्रव्यें असतात. धोतरा कोणी जाणूनबुजून खात नाहीं. परंतु सर्दीवरची क्लोरफेनिरामिनची गोळी, झोंपेसाठीं किंवा मज्जातंतूंच्या वेदनेसाठीं दिलेलें अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेलें ऑक्सिब्युटिनिन, यांचा गुण कमीअधिक प्रमाणांत त्याच जातीचा असतो. एकेक औषध निरुपद्रवी वाटतें. तीन डॉक्टरांनीं तीन निरनिराळ्या तक्रारींसाठीं दिलेलीं तीन औषधें एकाच पोटांत गेलीं म्हणजे बेरीज मोठी होते. मग आजोबांचें तोंड सुकतें, शौचाला जोर द्यावा लागतो, आणि तो जोर नेमका जुन्या शिवणीवर येतो. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधांनींहि मलावरोध होतो. म्हणजे शिवणीला खोकल्यापासून वांचवावयाचें आणि कुंथण्याच्या हवालीं करावयाचें, असाहि प्रकार घडतो.

लाळ भीतीनेंहि आटते, हें जुन्यांना ठाऊक होतें. धर्मशास्त्रांत सांगितलेल्या तंदुलदिव्यांत संशयिताला तांदूळ चघळून पानावर थुंकावयाला लावीत. थुंकींत रक्त दिसलें किंवा त्याचें अंग कांपूं लागलें तर तो दोषी. भ्यालेल्या माणसाचें सुकलें तोंड कोरड्या तांदळांनीं सहज सोलवटत असेल. निरपराधी पण भित्र्या माणसाचें त्या काळीं काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

असो. केवळ वयानें लाळ फारशी आटत नाहीं. 'वय झालें' हें निदान नव्हे. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाहीं, तिखट झोंबतें, बोलतांना जीभ चिकटते, कवळी सुटते, रात्रीं पाण्यासाठीं उठावें लागतें, अशी तक्रार असेल तर कारण शोधावें. तहान व लघवी दोन्ही वाढलीं असतील तर रक्तांतील साखर तपासावी. तोंडाबरोबर डोळेहि कोरडे, आणि सांधे दुखतात, अशी विशेषतः चाळिशीपुढील स्त्रीची तक्रार असेल, तर स्वीडनमधील डोळ्यांचे वैद्य हेन्रिक श्येग्रेन यांनीं १९३३ सालीं वर्णिलेल्या विकाराचा विचार करावा लागतो. नाक चोंदल्यामुळें तोंडानें श्वास घेऊन निजणें हें कारण साधें, पण वारंवार चुकणारें.

तंबाखू, गुटखा, मिश्री यांनीं आपल्याकडे मुखाचे कर्करोग फार. त्यांवर किरणांचा उपचार करतांना लाळग्रंथि भाजल्यासारख्या होतात, आणि त्या रोग्यांचा कोरडेपणा सर्वांत हट्टी असतो. कानाखालची ग्रंथि वांचवून किरण देण्याची पद्धत आतां आली आहे. ब्रिटनमधील एका चांचणीचा निकाल २०११ सालीं लागला, त्यांत जुन्या पद्धतीनें वर्षअखेर शेंकडा ७४ रोग्यांना त्रासदायक कोरडेपणा राहिला, नव्या पद्धतीनें शेंकडा ३८ जणांना. उपचारापूर्वींच डॉक्टरांना याविषयीं विचारावें व दांतांची तपासणी करून घ्यावी, कारण लाळ गेली कीं दांत मुळाशीं भराभर किडतात आणि तोंडांत पांढरी बुरशी धरते.

उपायांत पहिला म्हणजे औषधांची यादी. सर्व डॉक्टरांचीं, दुकानांतून आपण होऊन आणलेलीं, वैद्यांचीं, अशीं सारीं औषधें एका पिशवींत घालून एकाच डॉक्टरांसमोर ठेवावींत. कोणतें बंद करावयाचें, कोणाची मात्रा वा वेळ बदलावयाची, हें त्यांनीं ठरवावें. रोग्यानें परस्पर कांहीं सोडूं नये. दिवसभर पाण्याचे लहान घोट घ्यावे; मात्र हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं पाण्याचें प्रमाण विचारूनच ठरवावें. खडीसाखर किंवा लिंबाची गोळी चघळली कीं तोंड ओलें होतें खरें, पण लाळेवांचून उघडे पडलेले दांत साखरेनें व आंबटानें झिजतात, म्हणून साखरविरहित गोळी किंवा च्युइंगगम बरा. तंबाखू, सुपारी, मद्यार्क असलेलीं मुखधावनें वर्ज्य करावींत. फ्लोराइडयुक्त दंतमंजन वापरावें. कोमट पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा व मीठ घालून चुळा भराव्या. ब्राझीलमधील जाबोरांडी नांवाच्या झुडपाचीं पानें चघळलीं असतां लाळ व घाम सुटतो. १८७५ सालीं त्यांतून वेगळें काढलेलें पायलोकार्पिन हें द्रव्य गोळीच्या रूपानें आजहि देतात. ग्रंथींत कांहीं जीव उरला असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि दमा किंवा डोळ्यांचे कांहीं विकार असलेल्यांना तें चालत नाहीं.

ज्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे त्यांचें तोंड तर आदल्या रात्रीपासूनच सुकतें, कारण पुष्कळ घरांत अजून निर्जळी उपासाची चाल आहे. जेवण सहा तास आधीं बंद करावें, परंतु साधें पाणी, आंतडीं मोकळीं असलेल्या रोग्याला, भूल देण्यापूर्वीं दोन तासांपर्यंत सामान्यतः देतां येतें. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून ठेवावें. शस्त्रक्रियेनंतर पाणी द्यावयाचें नसेल तोंवर ओल्या स्वच्छ फडक्यानें ओंठ व जीभ वरचेवर पुसावी. साखरविरहित च्युइंगगम चघळल्यानें लाळ सुटते आणि निजलेलीं आंतडींहि थोडीं लवकर जागीं होतात, असें प्रसूतीच्या व मोठ्या आंतड्याच्या शस्त्रक्रियांनंतर दिसून आलें आहे. कवळी बसविलेल्यांना तो जमणार नाहीं, आणि भुलीची गुंगी पुरती उतरून डॉक्टरांनीं परवानगी दिल्याखेरीज कोणालाच देऊं नये.